न पुसलेल्या रायफली

“लांबूनच बघा, उस्ताद,” मी म्हणाले. “साहेबांनी हात लावायला मनाई केली आहे.”

शस्त्रागाराच्या कोपऱ्यात दोन रायफली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. चिखल वाळून त्यांच्यावर पापुद्रे धरले होते. एकीच्या दस्त्यापाशी गवताची काडी अडकली होती, दुसरीच्या नळीवर कुणाच्या तरी बोटांचे चिखली ठसे तसेच उमटलेले होते. आजारी बैलासमोर मालक बसावा तसे हवालदार दौलत बोरकुटे त्यांच्यासमोर उकिडवे बसले होते.

“हात नाई लावत वं,” ते म्हणाले. “पाहून राहिलो फक्त. पाहाले बी मनाई हाय का?”

“पाहायला नाही.”

“मंग जाय तू. चहा पिऊन ये.”

मी गेले नाही. तेही उठले नाहीत. आम्ही दोघं त्या चिखलाकडे बघत राहिलो.

“उद्या अष्टमी,” ते स्वतःशीच म्हणाले. “परवा खंडेनवमी.”

आमचा जिल्हा तिन्ही बाजूंनी जंगलाचा. पोलीस मुख्यालयातून गस्तीच्या तुकड्या निघत, त्या पाचसहा दिवस रानातच असत. नाले ओलांडायचे, गवतात झोपायचं, भात शिजवायचा आणि चालायचं. निघताना प्रत्येकाला हत्यार मिळे ते बोरकुटे उस्तादांच्या हातून, आणि परतल्यावर ते जमाही होई त्यांच्याच हाती. शस्त्रागाराच्या चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे. चालताना तो वाजे, त्यामुळे उस्ताद येताहेत हे आम्हाला आधीच कळायचं आणि आम्ही विड्या, चहाचे कप, गप्पा असं सगळं आवरून बसायचो.

मी भरती झाले तेव्हा बाईमाणूस म्हणून मला टपालाच्या टेबलावर बसवलं होतं. उस्तादांनी एकदा मला टायपरायटरची अडकलेली कळ सोडवताना पाहिलं आणि साहेबांकडे जाऊन मला मागून घेतलं. “हिचा हात शांत हाय,” एवढंच कारण सांगितलं. पुढं त्यांनी मला रायफलीचा प्रत्येक भाग शिकवला. त्यांची शिकवण्याची एक रीत होती. एखादी गोष्ट दाखवून झाली की ते स्वतः स्टुलावर बसत आणि म्हणत, “आता मी नवा शिपाई अन् तू उस्ताद. मले काही येत नाई. शिकव.” मग ते मुद्दाम मूर्खासारखे प्रश्न विचारत. हे असंच का? ते तसंच का? उत्तर देता देता माझं मलाच उमगायचं की मला कुठं कळलेलं नाही. पुढं मीही कित्येक पोरापोरींना शिकवलं, त्याच रीतीनं. दुसरी रीत मला येत नाही.

नव्या रायफली घ्यायचं ठरलं त्यामागे नामदेव शेडमाके होता. आदल्या पावसाळ्यात त्याची तुकडी नाला ओलांडत असताना पलीकडून गोळीबार झाला. नामदेवच्या रायफलीतून एक गोळी सुटली, दुसरी सुटलीच नाही. बाकीचे परत आले. चौकशीत निघालं की हत्यार ठीक होतं, आत नाल्याची माती गेली होती. उस्तादांना कुणी बोल लावला नाही. चार दिवसांपूर्वी त्यांच्या हातून ती रायफल गेली तेव्हा आरशासारखी लख्ख होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यानंतर ते प्रत्येक हत्यार दोनदा पुसू लागले. आम्ही पुसलेलं पुन्हा स्वतः पुसत. कुणी काही म्हटलं तर म्हणत, “माती आत जाते कशी ते मले पाहू दे.”

आमचे अधीक्षक चौबळ साहेब कमी बोलणारे गृहस्थ. कंपन्यांनी पाठवलेल्या रायफलींपैकी दोन त्यांनी शेवटपर्यंत ठेवल्या. एक काळी, हलकी, नेम धरायला सोपी. दुसरी जाडजूड, जड. पोरांनी लगेच नावं पाडली, काळी आणि जाडी. चाचणीसाठी साहेबांनी पदकं मिळवणारे नेमबाज घेतले नाहीत. एक उंच, एक बुटका, एक चष्मेवाला, डावखुरा सोनकुसरे आणि मी, असे पाच जण निवडले.

“पदकवाला काठीनंही नेम मारील,” साहेब म्हणाले होते. “मला साध्या माणसाच्या हातात बघायची आहे.”

सोनकुसरेला काळीचा राग होता. डाव्या खांद्यावरून झाडली की रिकामं काडतूस गरम गरम त्याच्या गालावर येई.

“हे बंदूक नाई, सासू हाय,” तो गाल चोळत म्हणे. “काम बी करते, चटका बी देते.”

पण चाचणीचा मुख्य नियम वेगळाच होता. साहेबांनी तो पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितला. पुसलेली रायफल कशी चालते ते कंपनीवाले सांगतीलच, न पुसलेली कशी चालते ते आपल्याला बघायचं आहे. गस्तीवरच्या पोराला रानात पुसायला वेळ मिळतोच असं नाही. म्हणून चाचणी संपेपर्यंत दोन्ही रायफलींना चिंधी लागणार नाही, तेलाचा थेंब लागणार नाही.

त्याप्रमाणे आम्ही त्या नाल्यात बुडवल्या, वाळूत लोळवल्या, पाठीवर घेऊन पळालो आणि झाडल्या. तिसऱ्या दिवशी काळी दोनदा अडकली, जाडी एकदा. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग खंडेनवमी आणि दसऱ्याची सुट्टी आली. चाचणीचा शेवटचा दिवस दसऱ्यानंतर ठरला, आणि रायफली आहेत तशा शस्त्रागाराच्या कोपऱ्यात ठेवल्या गेल्या.

मी सुट्टीला गावी गेले.

परत आले तेव्हा उस्ताद खुशीत दिसले. मला आपट्याचं पान दिलं, मी वाकून नमस्कार केला.

“यंदा पूजा मस्त झाली,” ते म्हणाले. “झेंडूचे हार मीच ओवले. तू असतीस तं रांगोळी बरी झाली असती. माह्या रांगोळीले सोनकुसरे म्हने, उस्ताद, हे चिलटांचं लग्न हाय का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदमारीच्या मैदानावर सगळे जमले. साहेब छोट्या मांडवात बसले होते. समोर टेबल, त्यावर पाण्याचे ग्लास आणि सहीचा कागद. दोन्ही कंपन्यांची माणसं मागं खुर्च्यांवर बसलेली. रायफली पुन्हा एकदा नाल्यात बुडवून आणल्या आणि काळी माझ्या हाती आली.

मी झाडत गेले. एक नाही, दोन नाही, मोजणारा थकला तरी ती अडकली नाही. लोण्यातून सुरी जावी तशी चालली. मागं टाळ्या वाजल्या. मी ती खाली ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला.

हाताला तेलाचा वास येत होता.

तो वास मला ओळखीचा होता. आमच्या शस्त्रागारातल्या डब्यातलं ते तेल. मी रायफल उलटी करून पाहिली. बाहेर सकाळचा ताजा चिखल होता, पण आत, पोलादाच्या खाचेत, जिथं तीन दिवसांची जुनी माती घट्ट बसलेली असायला हवी होती, तिथं स्वच्छ होतं.

मी वर पाहिलं. उस्ताद मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. तेही सगळ्यांसारखेच खूश होते.

जाडीची पाळी सुरू झाली तशी मी त्यांना मातीच्या बांधामागं बोलावलं. तिथं चहाची किटली ठेवलेली असे.

“उस्ताद, रायफली पुसल्या कुणी?”

त्यांनी चहा ओतला. कप माझ्या हाती दिला. लपवायचं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हतं.

“खंडेनवमी होती ना वं,” ते म्हणाले. “साऱ्या हत्याराईले हळदकुंकू लावलं, फुलं वाह्यली. त्या दोघी कोपऱ्यात चिखलानं भरून उभ्या. सणाच्या दिवशी घरातलं लेकरू नागडं ठेवतो का आपण? हळदकुंकू लावाचं कुठं, चिखलाले?”

“पण मनाई होती.”

“चाचणीत मनाई होती. सुट्टीत कुठं होती? अन् मी काही एकीलेच नाई पुसलं. दोघीले पुसलं. सारखं तेल, सारखी चिंधी. पक्षपात म्हनशीन तं माह्याकडून होनार नाई.” मग हसून म्हणाले, “आता तर आणखीन बुडवून आणल्याच ना नाल्यात?”

त्यांना चूक दाखवायची म्हणजे माझ्या हातात त्यांचीच रीत होती. किटलीजवळ एक दगड होता. मी त्याच्यावर बसले.

“उस्ताद,” मी म्हणाले, “मी नवी शिपाई. मला काही येत नाही. ही चाचणी कशाची आहे ते शिकवा.”

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मग त्यांना मजा वाटली असावी.

“ऐक. बंदूक चिखलात गेली, वाळूत गेली, चार दिवस पुसली नाई, तं चालते का नाई, त्याची चाचणी.”

“चार दिवस कशाला? रोज बुडवून रोज झाडली तर?”

“तसं नाई ना. एका दिवसाची माती वरवर राहते. दुसऱ्या दिवशी आत सरकते, तिसऱ्या दिवशी बारुदीच्या काजळीत कालवून घट्ट बसते. अन् मग चौथ्या दिवशी...”

ते थांबले. चहाचा कप हातातच राहिला.

बांधापलीकडं जाडी झाडली जात होती. मधेच आवाज थांबला. कुणीतरी ओरडलं, “अडकली!” हसण्याचा आवाज आला. मग पुन्हा बार सुरू झाले.

“चौथ्या दिवशी नामदेव होता,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याशेजारी जमिनीवरच बसले. वर्दी मळेल याचंही त्यांना भान नव्हतं.

“काळी तिसऱ्या दिवशी दोनदा अडकली होती. नाई का?”

“हो.”

“चौथ्या दिवशी कितीदा अडकली असती?”

“माहीत नाही.”

“मी ते पुसून टाकलं,” ते म्हणाले. “पोराईच्या हाती जाची बंदूक. मी तिचा खोटा दाखला करून ठेवला. अन् वरून फुलं वाह्यली.”

“तुम्ही मुद्दाम नाही केलं, उस्ताद.”

“मुद्दाम कोन करते?”

ते रिटायर होणार होते, दिवाळी झाली की. त्यांच्यासाठी शालही आणून ठेवलेली होती, ती साहेबांच्या कपाटात असल्याचं सोनकुसरेनं सगळ्यांना सांगितलं होतं. ते मला आठवलं, आणि त्यांनाही आठवलं असावं, कारण त्यांनी हळूच विचारलं, “सांगनं लागते का वं?”

आजही मला वाटतं, तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. पण काय, ते अजून सापडलेलं नाही.

“लागते,” त्यांनीच उत्तर दिलं. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. “तू नको सांगू. तू सांगितलं तं चुगली होते. मी सांगतो.”

आम्ही मांडवाकडे गेलो. जाडीचं झाडून संपलं होतं. साहेबांसमोर कागद होता आणि पेनाचं टोपण उघडलेलं होतं. उस्ताद टेबलासमोर जाऊन ताठ उभे राहिले.

“या, बोरकुटे,” साहेब म्हणाले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं, त्या दिवशी ते हसले. “काळी जिंकली. तुमची पोरं हलकी होऊन चालतील आता. नामदेवच्या वेळी तुमचा चेहरा मी पाहिला होता. म्हणून म्हटलं, सही तुमच्यासमोर करावी.”

उस्तादांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मांडवातले सगळे त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते. म्हाताऱ्याचा गळा दाटून आला असं सगळ्यांना वाटलं असणार. साहेबांनीही नजर वळवून त्यांना सावरायला वेळ दिला आणि पेन कागदावर टेकवलं.

“साहेब,” मी म्हणाले.

पेन थांबलं.

“चाचणी परत घ्यावी लागेल.”

“का?”

मी उस्तादांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“मी पुसल्या, साहेब,” ते म्हणाले. आता आवाज आला होता, परेडवर येतो तसा खणखणीत. “खंडेनवमीले दोन्ही बंदुका मी उघडून पुसल्या. तेल देलं. कोवे बाईनं ओळखलं.”

जाडीच्या कंपनीचा माणूस उठून काही बोलू लागला, साहेबांनी हातानंच त्याला बसवलं. मग त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे.

“चाव्या,” ते म्हणाले.

उस्तादांनी कमरेचा जुडगा सोडवला. गाठ जुनी होती, लवकर सुटेना. मी पुढं झाले, तसे ते म्हणाले, “राहू दे.” शेवटी सुटली. त्यांनी चाव्या टेबलावर ठेवल्या, सलाम केला आणि मैदानातून चालत गेले. ते चालत असताना काहीच वाजलं नाही.

चाचणी नव्यानं झाली, पहिल्या दिवसापासून. शस्त्रागार साहेबांनी स्वतःच्या कुलपाखाली ठेवलं. उस्तादांना फाटकावर पहारा दिला. येताजाता पोरं त्यांना सलाम करत, आणि ते उलट सलाम करत, पण कुणाशी थांबून बोलत नसत. मी दोनदा जेवणाचा डबा घेऊन गेले.

“काय भाजी हाय?” त्यांनी विचारलं.

“वांगं.”

“बरं,” म्हणाले. यापलीकडे बोलणं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, पुसून परत दिला. मला वाटत होतं, त्यांनी मला चार शब्द सुनावावेत. एकदा मी म्हटलंही, “उस्ताद, मी एक मिनिट थांबायला हवं होतं. तुम्ही बोलणारच होता.”

“पेन टेकलं होतं,” ते म्हणाले. “तू थांबली असतीस तं मी बोललो असतो का, ते मले बी मालूम नाई. तुले कुठून मालूम असनार?” आणि फाटक उघडायला गेले.

या वेळी रायफलींना कुणी स्पर्श केला नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही अडखळू लागल्या. शेवटच्या दिवशी मी काळी हाती घेतली. अडकावी असं मला वाटत होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटत होतं. ती दहादा अडकली असती, तर मी तोंड उघडलं ते वाया गेलं नाही असं झालं असतं, आणि म्हाताऱ्याला फाटकावर उभं केलं त्याला काही अर्थ आला असता.

काळी एकदा अडकली. जाडी तीनदा अडकली.

निकाल तोच लागला. मांडवात पुन्हा टाळ्या झाल्या. सोनकुसरे माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, “सुटला वं म्हातारा! सारं जसंच्या तसं निघालं!” आणि फाटकाकडे धावत सुटला.

साहेबांनी सही केली. मग उस्तादांना बोलावून घेतलं. ते आले, टोपी नीट केली, ताठ उभे राहिले. साहेबांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला.

“बोरकुटे, तुमच्या पुसण्यानं काही बिघडलं नव्हतं,” ते म्हणाले. “काळीच आली. कागदावर मी तुमच्याविरुद्ध काही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. घ्या. दिवाळीपर्यंत तुमच्याच कमरेला राहू दे.”

उस्तादांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

“नाई, साहेब.”

“अहो, निकाल तोच आला ना?”

“निकाल तोच आला, हे आज समजलं. त्या दिवशी मले कुठं मालूम होतं?” ते शांतपणे बोलत होते, नव्या शिपायाला समजावून सांगावं तसे. “एखादी माय डोळे मिटून सडक पार करते. गाडी येत नाई. पोहोचते बी. म्हनून तिनं बरोबर केलं का, साहेब? लेकरू तं कडेवर होतं ना तिच्या.”

साहेबांचा हात तसाच पुढं होता, जुडगा लोंबत होता. उस्तादांचे हात पाठीमागं होते. मी त्यांच्या मागच्या बाजूला उभी होते, त्यामुळे मला दिसत होतं की त्यांनी एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून ठेवलं आहे.

साहेबांची नजर माझ्याकडे वळली.

“कोवे,” ते म्हणाले.

“नको, साहेब. माझ्याकडे नको.”

“रात्रीची तुकडी निघायची आहे. हत्यारं कुणीतरी द्यायला हवीत.”

मी हललेच नाही. मला वाटलं, आता हे मी घेतलं तर या मैदानावरचा प्रत्येक जण म्हणेल की हिला हेच हवं होतं. आणि कुणी म्हणालं नाही तरी मी म्हणेन.

उस्ताद मागं वळले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा माझ्याकडे पूर्ण वळला होता.

“यमुने,” ते म्हणाले, “पोरं थांबून हायेत. हात पुढं कर.”

मी हात पुढं केला. साहेबांनी जुडगा माझ्या तळहातावर ठेवला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फार जड होता. मी उस्तादांच्या डोळ्यांकडे पाहिलं, पण त्यांची नजर तिथं नव्हती. ते माझ्या हाताकडे पाहत होते, मी मूठ नीट मिटते की नाही ते.